वास्तुशांतीच्या जेवणाबद्दल थोडं

सोलापूर
२२ एप्रिल

प्रिय विश्वास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. जुळे सोलापुरातल्या घराची वास्तुशांत मे महिन्यात ठरली आणि दीडशे पानांचं जेवण तू माझ्यावर सोपवलंस, फार बरं वाटलं. पण 'मसालेभात नि बासुंदी आदल्या रात्रीच करून ठेवू, सकाळी घाई नको' असं लिहिलंयस, ते मी होऊ देणार नाही. गेल्या वर्षी पुतणीच्या बारशाला आमच्याकडे काय झालं, ते तुला फोनवर नीट सांगितलंच नव्हतं.

रात्री दहाला भात उतरवला. मोठं पातेलं, वर ताट, त्यावर फडकं बांधून ओट्याखाली ठेवलं. मेचा उकाडा तुला माहीतच आहे, पहाटेसुद्धा भिंती गरम. सकाळी वहिनीने वास घेतला, चव पाहिली. काही कळलं नाही. चांगला वाफेवर गरम करून एकला पंगत बसली. चारच्या सुमारास आबांना मळमळायला लागलं, मग उलट्या. सहापर्यंत अकरा जण आडवे. आबांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच वर उभी राहत होती. जीभ कोरडी ठक्क. तो हात मी अजून विसरलेलो नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. भात शिजला तरी बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू त्यात जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणजे वहिनीने गरम केला, त्याने काहीच साधलं नव्हतं. बासुंदीचंही तसंच. आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असली तर स्टॅफिलोकोकस दुधात उतरतो आणि त्याचं विषही उकळीला दाद देत नाही. म्हणून हात मी स्वतः बघणार आहे, राग आला तर येऊ दे.

सगळं काही तीन तासांतच बाधतं असंही नाही. मोठ्या पातेल्यात रात्रभर हळूहळू निवलेला मटणाचा रस्सा ६ ते २४ तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब आणतो. कच्च्या अंड्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून साल्मोनेला गेला तर तापही येतो, कधी दोन-तीन दिवसांनी. त्यामुळे लोक शेवटच्या जेवणाला दोष देतात आणि खरं कारण सुटून जातं.

आपल्या आज्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडेच्या आठवडे टिकवायच्या, कारण त्यात पाणीच नसतं. ओलं अन्न मात्र ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड हवं. मधल्या तापमानात दोन तास, आणि आपल्यासारख्या उन्हाळ्यात एकच तास. उरलंच तर पातेल्यात न ठेवता परातीत पातळ पसरून लगेच फ्रीजमध्ये. पाण्याचंही बघावं लागेल. नळाला रोज पाणी नसतं, टाकीतलं साठवलेलं असतं. पिण्याचं उकळून गार करू. ताकात लादीचा बर्फ अजिबात नको.

तरीही कोणाला झालंच तर ओआरएस घोटघोट द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शौचात रक्त, १०२ च्या वर ताप, लघवी कमी, पाणीही पोटात न टिकणं, यांतलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही. रक्त किंवा ताप असेल तर जुलाब थांबवणारी गोळी मनाने घ्यायची नाही. काकू सत्तरीच्या पुढे आहेत आणि धाकटा जेमतेम दोन वर्षांचा. त्यांच्या बाबतीत लगेच दवाखाना, कारण अंगातलं पाणी त्यांचं आधी आटतं.

रविवारी आचाऱ्याला भेटतोय. भाताचं आधण सकाळी दहाला, पंगत बाराला. बासुंदीऐवजी चुलीवरून थेट पानात गरम हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढली तर वहिनींना चालेल का, तेवढं विचारून कळव.

तुझा,
अनिल