जडावाची कंकणे मोडीत घालण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सोन्याचा भाव चढू लागला की आपल्या कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफबाजारात, दोन प्रकारची गर्दी दिसते. एक लग्नसराईच्या खरेदीची, आणि दुसरी घरातले जुने डाग मोडायला घेऊन येणाऱ्यांची. पहिल्या गर्दीची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, दुसरीविषयी कोणी फारसे लिहीत नाही. या दुसऱ्या गर्दीत हल्ली साध्या पाटल्या-बिलवरांबरोबर खड्यांच्या पोहोच्या, माणकांच्या बांगड्या, मोत्यांची कंकणे आणि आजेसासूबाईंच्या काळातली जडावाची (सोन्याच्या कोंदणात खडे बसवलेली) ब्रेसलेट येऊ लागली आहेत, आणि ती सगळी एकाच हिशोबाने तोलली जातात. माझा आक्षेप त्या हिशोबाला आहे.

दागिना मोडीत घालताना खडे काढून टाकतात किंवा त्यांचे वजन अंदाजाने वजा करतात. आत लाखेचा भराव असेल तर त्याचेही वजन जाते. उरलेल्या सोन्याचा कस पाहून त्या दिवसाच्या भावाने पैसे होतात आणि खडे कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हाती येतात, कधी कधी तेही येत नाहीत. साध्या पाटल्यांना हा हिशोब अगदी रास्त आहे, कारण तिथे सोने हेच मुख्य मोल. जडावाच्या पोहोचीत मात्र सोने पुष्कळदा बेताचेच असते, आणि ज्याला आपण वजावट म्हणतो तोच त्या दागिन्याचा जीव असतो.

आमच्या नात्यातील एका बाईंनी घरातली मोत्यांची जुनी पोहोची नव्याने गाठवायला दिली, तेव्हा दुकानदाराने ‘मोती पिवळे पडलेत, आता यांना काही किंमत नाही’ असे सांगून जुने मोती ठेवून घेतले आणि पांढरेशुभ्र नवे मोती ओवून दिले. बाई खूश झाल्या. जपानी कल्चर्ड मोती, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले मोती, बाजारात मोठ्या प्रमाणावर आले ते १९२० च्या दशकात. त्यापूर्वी आपल्याकडे बसऱ्याचे मोती म्हणून जे येत, ते इराणच्या आखातात समुद्राच्या तळाशी बुडी मारून काढलेले नैसर्गिक मोती होते, आणि तो धंदा १९३० च्या दशकात जवळजवळ बसला. म्हणजे त्याआधीच्या पोहोचीतले, मलईसारख्या रंगाचे, एकासारखा एक नसलेले मोती नैसर्गिक असण्याची शक्यता बरीच असते, आणि आजच्या बाजारात नैसर्गिक मोत्याला कल्चर्ड मोत्याच्या कितीतरी पट किंमत आहे. दोहोंतला फरक नुसत्या डोळ्यांना खात्रीने कळत नाही, प्रयोगशाळेतल्या एक्स-रे तपासणीत कळतो. आमच्या बाईंच्या त्या मोत्यांचे पुढे काय झाले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

जुन्या जडावकामाची मला वाटणारी ओढ केवळ किमतीपोटी नाही. कुंदनकामात कारागीर अत्यंत शुद्ध सोन्याची पातळ पट्टी थरावर थर देत खड्याभोवती दाबून बसवतो. तिथे डाक (धातू सांधण्याचा मिश्रधातू) लागत नाही, भट्टी लागत नाही, खडा केवळ हाताच्या दाबावर कोंदणात पक्का होतो. खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा ठेवलेला असतो, त्यामुळे फिकट माणिकसुद्धा आतून दिवा लावल्यासारखे दिसते. हिऱ्यांचेही तसेच आहे. आजच्या ब्रिलियंट पद्धतीच्या हिऱ्याची प्रमाणे अभियंता मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये गणिताने मांडली, आणि तो सत्तावन्न-अठ्ठावन्न पैलूंचा हिरा शोरूमच्या प्रखर उजेडात लखलखतो. त्याआधीचे बरेचसे हिरे हाताने, मोठ्या पैलूंचे घडवलेले. समईच्या किंवा कंदिलाच्या उजेडात ते सावकाश, रुंद झळाळी देतात. वीज जाते तेव्हा एखाद्या जुन्या बांगडीकडे पाहावे. शिवाय गळ्यातला साज किंवा कानातली कुडी आपण घालतो आणि दुसरे पाहतात. मनगटावरचे कंकण मात्र घालणारीच्या स्वतःच्या नजरेसमोर दिवसभर राहते. हातातल्या दागिन्यावर बायकांचा इतका जीव का असतो, याचे उत्तर मला यातच दिसते.

जुने ते सगळे अस्सल, असा माझा दावा मुळीच नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑगस्त व्हर्नय याने ज्वाळेत कृत्रिम माणिक तयार करण्याची कृती १९०२ मध्ये जाहीर केली, आणि पुढच्या काही वर्षांत असे माणिक जगभरच्या दागिन्यांत शिरले. त्यामुळे ‘पणजीच्या वेळची बांगडी, म्हणजे माणिक खरेच असणार’ हा युक्तिवाद टिकत नाही. जाणकार माणूस दहा पटींच्या भिंगातून पाहून खड्यात वक्र रेषा किंवा हवेचे बुडबुडे, म्हणजे कृत्रिम माणकाच्या खुणा, आहेत का ते शोधतो. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. माणकांना उष्णता देऊन रंग खुलवण्याची रीत गेल्या अर्धशतकात सर्रास झाली आणि २००० नंतरच्या दशकात भेगांत शिशाची काच भरलेली माणकेही बाजारात आली. त्याआधीच्या दागिन्यात असे काहीही न केलेला खडा मिळण्याची शक्यता अधिक, आणि रत्नांच्या व्यापारात अशा खड्याचे मोल वेगळेच धरतात. (कोणते रत्न कोणत्या ग्रहाला चालते, या वादात मी शिरत नाही.)

जुन्याची आवड वाढली तसा ‘अँटिक’ नावाचा नवा मालही वाढला आहे. काळपट पॉलिश दिले की कालचे कंकण शंभर वर्षांचे दिसू लागते. घेणाऱ्याने ते उलटे करून पाहावे. खऱ्या जुन्या दागिन्याची आतली बाजू मनगटाला घासून गुळगुळीत झालेली असते, पेच आणि बिजागरी झिजलेली असते, खडे आकाराने थोडे उणे-अधिक असतात. साच्यातून निघालेल्या मालाची पाठ फार नीटनेटकी असते.

हॉलमार्कवर विसंबून राहणाऱ्यांना एक सांगितले पाहिजे. २३ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला हॉलमार्क आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी अनिवार्य झालेला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक) सोन्याची शुद्धता सांगतो. खड्याविषयी तो काहीही सांगत नाही. कुंदन, पोलकी (पैलू न पाडलेल्या हिऱ्यांचे) आणि जडावाचे दागिने तर त्या सक्तीतून वगळलेलेच आहेत. म्हणजे ज्या दागिन्यात फसगतीला सर्वांत जास्त वाव, त्याच दागिन्याला नियमाचा आधार सर्वांत कमी आहे.

या शहराला जुन्या जडावाची किंमत कळत नाही असेही नव्हे. नवरात्राआधी अंबाबाईचे दागिने बाहेर काढून कारागीर ते निगुतीने साफ करतात, तेव्हा ‘हे मोडून नव्या फॅशनचे करा’ असे सुचवण्याचे धाडस कोणी करणार नाही. पॅरिसच्या कार्तिए पेढीचा जाक कार्तिए १९११ मध्ये दिल्ली दरबाराच्या निमित्ताने भारतात आला, आणि १९२० च्या दशकात त्या पेढीने भारतात पानाफुलांच्या आकारात कोरलेली माणके, पाचू आणि नीलम प्लॅटिनममध्ये बसवून ब्रेसलेट घडवली. त्यांतले एक एप्रिल २०२० मध्ये सदबीज या लिलाव पेढीच्या ऑनलाइन लिलावात तेरा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. सुटे खडे आणि प्लॅटिनम तोलून एवढी रक्कम कोणी दिली नसती. कोल्हापूरच्या प्रत्येक पोहोचीला असा भाव येईल असे मी म्हणत नाही. मोडल्यावर तिला तो कधीच येणार नाही, एवढेच म्हणते.

अडचणीत दागिना विकावा लागतो, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. विकणाऱ्यांनी मात्र आधी दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे काढावीत, अखंड दागिन्याचा आणि मोडीचा असे दोन्ही भाव किमान दोन दुकानांत विचारावेत, आणि खडे मोलाचे वाटले तर मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या संस्थेकडून तपासून घ्यावेत. ज्यांना ठेवायचे आहे त्यांनी कुंदनाचे कंकण पाण्यात बुडवू नये, कारण पाणी आत शिरले की खालचा पत्रा काळा पडतो. पाचूचे कंकण यंत्रात धुवायला देऊ नये, कारण पाचूच्या भेगा झाकायला भरलेले तेल निघून जाते. मोत्यांना अत्तर लागू देऊ नये. गुजरीतील सराफांना विनंती अशी की मोडीच्या पावतीवर एकूण वजन, खड्यांचे वजन, खड्यांची नावे व संख्या आणि निव्वळ सोने हे वेगवेगळे लिहावे आणि काढलेले खडे न मागता परत द्यावेत. अनेक जुन्या पेढ्या आजही असे करतात. बाकीच्यांना ते जड जाऊ नये.

आपली,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर