पाउचचे थर ठरल्याप्रमाणे न दिल्याबद्दल व मसाल्याचा वास उतरल्याबद्दल तक्रार

प्रति,
विक्री व्यवस्थापक,
पाउच विभाग

महोदय,

12 फेब्रुवारीच्या ऑर्डरमध्ये बाहेरून आत 12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पीईटी म्हणजे पॉलिएस्टर, 9 मायक्रॉन अॅल्युमिनियम फॉइल आणि 50 मायक्रॉन एलडीपीई म्हणजे मऊ पॉलिथिन असे तीन थर लेखी ठरले होते. आलेल्या मालात फॉइल नाही. त्या जागी 12 मायक्रॉनचे मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा मुलामा दिलेले, पीईटी आहे आणि आतले एलडीपीई 75 मायक्रॉनचे आहे. फोन केला तर आपले प्रतिनिधी म्हणतात, "जाड माल त्याच भावात दिला, मग तक्रार कसली?" तक्रार त्या जाडीचीच आहे.

फॉइल आहे की नाही हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पाउच कापून छपाई नसलेल्या भागामागे मोबाइलचा टॉर्च धरला की उजेड झिरपतो. 9 मायक्रॉन फॉइल असते तर सुईच्या टोकाएवढे एखादे छिद्र सोडून काही दिसले नसते. पाउचचे दहा तुकडे एकावर एक ठेवून स्क्रू गेजमध्ये धरले तर 1 मिलिमीटर भरतात, म्हणजे एका पदराला 100 मायक्रॉन. ठरलेल्या थरांची बेरीज 71 आहे. मधला चिकटद्रव धरला तरी ती 80 च्या पुढे जात नाही.

मेटलाइज्ड पीईटी टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही, चिवड्या-फरसाणाला ते चालते. पण त्यावरचा धातूचा थर मायक्रॉनच्या काही शतांशांचा असतो. पाउच दुमडला, पोत्यात दाबला की त्याला तडे जातात आणि तिथून वास बाहेर पडतो. हे झाले बाहेर जाणाऱ्या वासाचे. प्लास्टिक आतल्या आत जो वास पिते, त्याचा हिशेब वेगळा.

एलडीपीई हे तेलाच्या जातीचे प्लास्टिक. मिरी-जायपत्रीचा ताजा वास ज्या लिमोनीन, पायनीन यांसारख्या द्रव्यांचा, तीही त्याच जातीची. ती प्लास्टिकवर नुसती चिकटत नाहीत, त्याच्या आत विरघळतात. लवंगेतले युजेनॉल आणि धन्यातले लिनालूल त्यामानाने कमी शिरते. त्यामुळे गरम मसाला सगळीकडून सारखा फिका होत नाही, तो एकांगी होतो. गिऱ्हाईक म्हणते, यंदा लवंग जास्त पडली. लवंग तेवढीच आहे, मिरी गेली आहे.

सर्वांत जास्त फटका 50 ग्रॅमच्या गरम मसाल्याला बसला. हा पाउच 10 × 14 सेंटीमीटरचा, दोन्ही बाजू मिळून 280 चौरस सेंटीमीटर. 75 मायक्रॉनने त्यात सुमारे 1.9 ग्रॅम एलडीपीई येते, ठरलेल्या 50 मायक्रॉनने 1.3 ग्रॅम आले असते. आमच्या मापात 50 ग्रॅम मसाल्यात 6 ग्रॅम मिरी पडते. मिरीत सुगंधी तेल 2 ते 4 टक्के, म्हणजे फार तर पाव ग्रॅम. त्या पाव ग्रॅमभोवती पावणेदोन ग्रॅमच्या वर प्लास्टिक! 200 ग्रॅमच्या 14 × 20 पाउचमध्ये मसाला चौपट, पण प्लास्टिक दुप्पटच. शिवाय त्यात कांदा-लसूण मसाला असतो. तळलेल्या खोबऱ्या-तिळाचे तेल बराच वास स्वतःत धरून ठेवते, म्हणून तो थोडा तगला. कोरड्या गरम मसाल्याला तो आधार नाही. त्यात कुपवाडचे पत्र्याचे गोदाम आणि एप्रिल-मेचा उकाडा, वास शिरण्याचा वेग वाढणारच.

खात्री करायची तर रिकामा पाउच साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुवा, पुसून वाळवा, पट्ट्या कापून काचेच्या बरणीत घाला, झाकण लावून तासभर उन्हात ठेवा. कोऱ्या पाउचच्या पट्ट्या दुसऱ्या बरणीत. झाकण उघडताच पहिल्या बरणीतून मिरी-जायपत्री नाकाला झोंबते. कांदा-लसूण मसाल्याच्या पाउचवर तर धुऊनही तांबूस छटा राहते, कारण मिरचीचा रंग तेलाबरोबर थराच्या आत उतरलेला असतो. काही पाउचना शिवणीजवळ थर सुटून फुगे आले आहेत. आत शिरलेले तेल चिकटद्रवापर्यंत पोचले की पकड सुटते.

आमच्या पहिल्या पत्राला उत्तर म्हणून आपण मायग्रेशनचा दाखला पाठवलात. 2018 च्या पॅकेजिंग नियमांतली किलोला 60 मिलिग्रॅमची मर्यादा प्लास्टिकमधून अन्नात काय उतरते यासाठी आहे. आमची तक्रार अन्नातून प्लास्टिकमध्ये काय जाते याची आहे. दाखला खरा असेल, पण तो उलट्या दिशेचा आहे.

उरलेले 6,400 मोठे आणि 9,000 छोटे पाउच परत घेऊन ठरलेल्या थरांचा माल द्यावा. छोट्यात आतला थर 40 मायक्रॉनचा चालेल, सीलिंगचे तापमान आम्ही जुळवून घेऊ. फॉइल घालून आत पुन्हा 75 देऊ नये. फॉइल वास बाहेर जाऊ देत नाही, पण आतले एलडीपीई तो पितच राहते. यापुढे प्रत्येक लॉटबरोबर थरवार जाडीचा दाखला आणि मीटरभर बिनछपाईची फिल्म द्यावी. दुकानदारांनी परत केलेल्या 1,150 पाकिटांची भरपाई वेगळी. माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, असे माल विक्री अधिनियम, 1930 चे कलम 15 सांगते.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. माणूस पाठवणार असाल तर मायक्रोमीटर घेऊन पाठवा, दोन्ही बरण्या तयार ठेवल्या आहेत.

आपल्या,
अध्यक्षा व सचिव,
महिला बचत गट, मसाला विभाग,
कुपवाड, जि. सांगली

सोबत: ऑर्डरची प्रत, कोरे व वापरलेले प्रत्येकी पाच पाउच