आमच्या न्हाणीचा उंबरा काढणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,

सादर नमस्कार.

काल सकाळी आईने न्हाणीचे दार स्वतः लोटून घेतले, आतून पाण्याचा आवाज आला आणि मी बाहेर ओट्यापाशी चहाचा कप हातात धरून नुसती उभी राहिले. सव्वा वर्षानंतर तिने एकटीने केलेली ही पहिली अंघोळ. तो आवाज कानात ताजा आहे तोवरच हे पत्र लिहिते आहे. समोरासमोर बोलायला गेले तर मला रडू येईल आणि तुम्ही अवघडून जाल.

आमची जुनी मोरी तुम्ही पाहिलीच होती. शहराच्या पूर्वभागातल्या कितीतरी जुन्या घरांत असते तशी: शहाबादी फरशी, चार इंचांचा उंबरा, कोपऱ्यात पाण्याचे पिंप, शेजारी पाट आणि बादली. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या सोलापुरात पिंपाला घरात हक्काची जागा असते, माणसांनी त्याच्या कडेने वावरायचे. अर्धांगवायूने आईची उजवी बाजू गेली आणि ही मोरी तिच्यासाठी बंद झाली. पाटावर बसवले तर दोघींनी धरूनही उठवता येईना, चाकाची खुर्ची न्यावी तर उंबऱ्याला अडे. चाळीस वर्षे विड्या वळून जिने आम्हा भावंडांना शिकवले, तिला पलंगावर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे लागे, आणि तेवढा वेळ ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

तुमच्याआधी दोघेजण येऊन गेले होते, हे आज लिहितेच. एकाने उंबरा काढायला साफ नकार दिला. घरभर पाणी होईल, त्यापेक्षा म्हातारीला अंगणात आडोसा करून द्या, असे तो आईच्या देखत माझ्या भावाला म्हणाला. दुसऱ्याने चकचकीत, गुळगुळीत फरशीचे नमुने दाखवले, उचल घेतली आणि मग फोन उचलणे बंद केले. पैशांचे दुःख ओसरले. पण दोघांपैकी एकानेही आईकडे पाहून एक शब्द उच्चारला नाही, ते विसरता येत नाही.

नातेवाईक म्हणत होते, मोरीच ठेवा, जरा डागडुजी करा. आईची भीती मात्र वेगळी होती. सगळी फरशी एका ढाळात, मध्ये कुठेही कठडा नाही, दाराला उंबरा नाही अशी वेट रूम करायची म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहिले: न्हाणीचे पाणी वाहत समोरच्या देवघरात शिरले आहे. ती आमच्याशी वाद घालत नव्हती, फक्त रात्री झोपत नव्हती.

खुर्ची पूर्ण वळावी म्हणून तुम्ही पाच फूट मोकळी जागा काढलीत, त्यासाठी पिंप बाहेर हलवून गच्चीवरच्या टाकीचे पाणी हातफवाऱ्यात आणलेत, फरशी खरखरीत निवडलीत आणि भिंतीतली दांडी तिच्या डाव्या हाताला येईल अशी बसवलीत. ते सगळे चोख झाले. पण हे पत्र त्यासाठी नाही.

काम संपले होते, मजुरी चुकती झाली होती, आणि तरीही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आलात. फुटाला पाव इंच ढाळ आहे, असे आम्हाला सांगून तुम्ही मोकळे होऊ शकला असता. तुम्ही आईची खुर्ची दारापाशी आणलीत, चांगले पाणी वाया जाऊ नये म्हणून पिंपाच्या तळाचे गढूळ पाणी बादलीत घेतलेत आणि म्हणालात, "आई, पाणी कुठं जातं ते तुम्हीच बघा." तिची नजर अधू, करड्या फरशीवर पाणी दिसतच नाही, असे ती अडखळत म्हणाली. तेव्हा तुम्ही माझ्याकडे चिमूटभर हळद मागितलीत. ती बादलीत ढवळलीत आणि ते पिवळे पाणी अगदी दाराच्या चौकटीला लागून, तिच्या पायांजवळ ओतलेत. पाणी क्षणभर पसरले, मग वळले आणि एका रेषेत कोपऱ्यातल्या जाळीकडे गेले. तुम्ही ओल्या फरशीवर उकिडवे बसून तिला म्हणालात, "आता देवघराकडं बघा." देवघरापुढची रांगोळी कोरडी होती. तिने आणखी दोनदा, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पाणी ओतायला लावले. तुम्ही दोन्ही वेळा घाई न करता ओतलेत आणि जाताना हळदीचा डाग राहू नये म्हणून फरशी स्वतः पुसून गेलात.

मी शाळेत शिकवते. समजावून सांगणे म्हणजे काय, हे मी त्या संध्याकाळी पाहिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यतेबद्दल पुष्कळ लिहिले आहे आणि ते हवेच. पण एका म्हाताऱ्या बाईच्या भीतीला वेडेपणा न म्हणता तिचे उत्तर तिच्याच डोळ्यांना दिसेल असे मांडायचे, हे तुम्हाला कोणत्याही कलमाने सांगितले नव्हते. त्या रात्री आई शांत झोपली.

येत्या संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला याल तेव्हा घरी सहकुटुंब जेवायला या. शेंगापोळ्या करणार आहोत. आईचा खास निरोप आहे की दांडीचा वरचा स्क्रू जरा हलतो, तेवढा येताना बघावा.

आपली कृतज्ञ,
आईची मुलगी
सोलापूर