सायकलची हवा काढा, पण सही जपून करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला सायकल सहलींवरचा लेख आवडला. मात्र सायकल विमानाने नेण्याविषयी त्यात ‘टायरमधली हवा काढा, खोक्यात भरा आणि काउंटरवर द्या’ एवढंच होतं. आमच्या गटाच्या सायकली खोलून भरण्याचं काम कायम माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून हे पत्र.

आधी हवेचं. टायर आकाशात फुटतो ही भीती फुकाची आहे. प्रवासी विमानात सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच हवेचा दाब राखलेला असतो आणि तो साधारण ८००० फूट उंचीवर असतो त्याहून खाली उतरू देत नाहीत. म्हणजे टायरवर जादा ताण येतो तो साडेतीन-चार पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब). बाहेर अगदी निर्वात पोकळी असती तरी तो १४.७ च्या वर गेला नसता. ऐंशी पीएसआय सहज पेलणाऱ्या टायरला त्याचं काय? तरीही काउंटरवर हुज्जत घालू नये, थोडी हवा काढून मोकळं व्हावं. पूर्ण मात्र काढू नये. खोकं आपटलं तर रिम वाचते ती उरलेल्या हवेमुळेच, आणि ट्यूबलेस टायर रिमवरून सुटला तर आतलं सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवणारा द्रव, सगळ्या खोक्यात सांडतं.

खरं दुखणं मागच्या डिरेलरचं, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचं. तो ज्या हँगरला लटकतो तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा केलेला असतो. धक्का बसला तर त्याने वाकावं आणि फ्रेम वाचावी म्हणून. कोणी खोकं त्या अंगावर आडवं टाकलं की तो वाकलाच समजा. सपाटीवर पत्ताही लागत नाही. पहिल्या मोठ्या चढाला सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर थेट स्पोकमध्ये! म्हणून चेन न तोडता एक बोल्ट सोडवून डिरेलर हँगरपासून मोकळा करावा, जुन्या कापडात गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात बांधावा. जादा हँगर सोबत असावाच, कारण जवळपास प्रत्येक फ्रेमचा निराळा असतो. चाकं काढल्यावर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी सरकवावी. हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर वाटेत दाबला गेला तर पिस्टन बाहेर सरकतात आणि मग चाक बसता बसत नाही. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन टोकांमध्येही आधार हवा. नव्या सायकलींसोबत येणारे हे प्लास्टिकचे तुकडे दुकानदार फेकून देतात, मागितले तर खुशाल देतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या मागे ओढला की दोन्ही पेडलं सुटतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सुरक्षा तपासणीत खोकं उघडलं जाऊ शकतं आणि ते परत भरणारा माणूस सायकलवाला असेलच असं नाही. सुटं काहीही ठेवू नका. काढलेले बोल्ट त्यांच्याच भोकात परत बसवा. काही जण पारदर्शक प्लास्टिकची पिशवी वापरतात. सायकल डोळ्यांना दिसली की हमाल जपून उचलतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, पण अनेक विमान कंपन्यांना खोकंच लागतं. ई-बाइकवाल्यांना मात्र वाट बंद. प्रवासी विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी चालते, कंपनीच्या परवानगीने १६० पर्यंत. या सायकलींची बॅटरी सहसा त्याच्या कितीतरी पुढे असते.

आता सहीचं. सायकल ताब्यात घेताना काउंटरवर अनेकदा ‘नुकसानीस कंपनी जबाबदार नाही’ अशा अर्थाची चिठ्ठी पुढे सरकवली जाते. मागे रांग असते, माणूस सही करतो. आमच्यातल्या एकीची फ्रेम चिरडलेल्या खोक्यातून निघाली तेव्हा कंपनीने तीच चिठ्ठी दाखवून हात वर केले. पण आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला लागू असणाऱ्या १९९९ च्या माँट्रियल कराराचं कलम १७ नोंदवलेल्या सामानाच्या नुकसानीची जबाबदारी कंपनीवर टाकतं. सूट मिळते ती सामानातल्या मूळ दोषापुरती. कलम २६ तर जबाबदारी टाळणारी अटच निरर्थक ठरवतं. भरपाईला कमाल मर्यादा आहे हे खरं, म्हणून महागड्या सायकलची किंमत आधीच जाहीर करून जादा शुल्क भरण्याची सोय करारातच आहे.

नुकसानीची लेखी तक्रार मात्र सामान हाती आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. इथेच सायकलस्वार फसतो. तो उतरल्या उतरल्या सायकल जोडून वाटेला लागतो, आणि फ्रेमवरची बारीक चीर दिसेपर्यंत आठवडा उलटलेला असतो. तेव्हा खोकं विमानतळावरच उघडा, चिरडलेल्या कोपऱ्याचा फोटो काढा आणि तिथल्या तिथे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या.

खोक्याच्या मापाचीही तीच तऱ्हा. साध्या सामानासाठी लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा सर्रास असते. सायकलचं खोकं २४० च्या आसपास जातं. म्हणजे ते अपवाद म्हणूनच स्वीकारलं जाणार. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल तर नियम नक्की कोणाचे, यावर फोनवरची दोन माणसं दोन उत्तरं देतात. माप, वजन आणि शुल्क तिकिटावरच छापायला काय हरकत आहे? करारात न टिकणारी चिठ्ठी प्रवाशाकडून का लिहून घेतली जाते, हेही आपल्या प्रतिनिधीने विमान कंपन्यांना विचारावं आणि त्यांची उत्तरं पुरवणीत छापावीत, ही विनंती.

आपली,
एक सायकलस्वार वाचक