बुद्धिबळात काळी मोहरी घेऊन जिंकलीस, त्याबद्दल

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

दादाने डाव पाठवला. निकाल माहीत होता, तरी पटावर एकेक खेळी लावून पाहिला. समोरच्याने वजिराच्या बाजूला किल्लेकोट करून राजा आडोशाला नेला, एच प्यादं दामटलं, ती उभी पट्टी, म्हणजे फाइल, उघडली. हत्ती तुझ्या राजाच्या दारात, आणि तू राजा सांभाळायचा सोडून सी३वरच्या घोड्यावर आपला हत्ती टाकलास! माझा हात तिथेच थांबला. त्याने बी प्याद्याने मारला आणि स्वतःच्याच राजापुढची भिंत फोडून घेतली. मग वजीर ए५वर. एफ६चा घोडा हलला तसा जी७च्या उंटाला अख्खा कर्ण मोकळा. आईला दोनदा दाखवलं. तिला मोहरी कळत नाहीत, पण माझा चेहरा कळतो.

शेवटच्या खेळ्यांच्या वेळाही पाहिल्या. प्रत्येक खेळीला मिळणाऱ्या वाढीव तीस सेकंदांवर तू तग धरून होतीस. ही तयारी संगणकाच्या इंजिनवर रात्री किती वाजेपर्यंत चालली होती? झोपेचं लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

ड्रॅगनला, म्हणजे तू खेळलीस त्या ठराविक सुरुवातीला, माझा विरोध नाही. पण अशा ओपनिंगमध्ये एक खेळी विसरली की डाव संपला, आणि जागरणात पहिली जाते ती आठवणच. १९७२ला रेक्याविकमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत अकराव्या डावात फिशरने बी२वरचं विषारी, म्हणजे आमिषाचं, प्यादं खाल्लं आणि स्पास्कीने त्याचा वजीर कोंडला. तयारीत फिशर काय कमी होता? पुढे जगज्जेता झाला, मान्य, पण तो डाव गेलाच. असो. व्याख्यान झालं, रागावू नकोस. तुझ्या वयाच्या खेळाडूला मी ड्रॅगन शिकवावा एवढं माझं रेटिंगही नाही.

तुझी पहिली स्पर्धा आठवते? हरलीस, रडली नाहीस, फक्त उजवी मूठ उघडेना. रात्री झोपेत उघडली तर आत तिथलंच काळं प्यादं! दुसऱ्या दिवशी परत द्यायला मी गेलो. तेव्हा निदान झोपायचीस तरी.

मागच्या वर्षी शेवटच्या फेरीनंतर जे झालं, ते आम्ही अजून आजीला सांगितलेलं नाही. म्हणून विचारतो, एवढंच.

उद्या पांढरी आहेत तुझ्याकडे. समोरचा फ्रेंच बचाव खेळतो असं दादा म्हणतो, म्हणजे डाव लांबणार. फोन आईचा येईल. ‘झोपले होते’ असं तिला सांगशील, तर खरंच झोपून सांग.

तुझा,
बाबा