किकऑफ चारला म्हणजे चारलाच करा

मा. संपादक साहेब, जय हिंद.

मी मराठा लाईट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर झालोय, आता टेंबलाईवाडीत राहतो. पेपरला पत्र लिहायची सवय नाही, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. पण फुटबॉलचा सीझन तोंडावर आलाय आणि गेल्या सीझनला बघितलेली एक गोष्ट काही केल्या डोक्यातनं जाईना.

आपल्याच जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी फायनल होती. गावाचं नि मंडळाचं नाव लिहीत नाही, पोरं चांगली आहेत, वर्गणी काढून स्पर्धा घेतात. माजी सैनिकांचा आणि एका वीरमातेचा सत्कार ठेवलेला म्हणून मला नि एका रिटायर कॅप्टन साहेबांना बोलावलेलं, साहेबांचं वय ऐंशीच्या पुढं. पत्रिकेत वेळ दुपारी चार. आम्ही साडेतीनलाच हजर, फौजेची सवय. प्रमुख पाहुणे आले पावणेसहाला. तोवर दोन्ही टीम वॉर्मअप करून गार पडल्या, परत वॉर्मअप केलं, परत गार पडल्या. कॅप्टन साहेब ब्लेझरवर मेडल लावून उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, तेही तिसऱ्या रांगेत, कारण पहिल्या दोन रांगा पाहुण्यांबरोबर येणाऱ्यांसाठी धरून ठेवलेल्या. मग फेटे, शाली, नारळ, भाषणं. अंधार पडायला लागला म्हणून दुसरा हाफ कापून पंचवीस मिनिटांचा केला आणि फायनल टायब्रेकरवर गेली. आणि त्या माऊलीचा सत्कार? वेळेअभावी नुसतं माईकवर नाव घेतलं, शाल नारळ पिशवीत घालून पिशवी हातात दिली. पोरगा सीमेवर गेला तिचा. ती काही बोलली नाही, पिशवी घेऊन गप उभी राहिली, मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मला राग पाहुण्यांचा नाही, खरंच नाही. त्यांना त्या दिवशी चार कार्यक्रम होते, सगळ्यांनीच या म्हणून हट्ट धरलेला, नाही गेलं तरी लोक नावं ठेवणार. माझं म्हणणं मंडळांशी आहे, की मान द्यायची पद्धत आपण उलटी केलीय.

नोकरीत असताना मी गार्ड ऑफ ऑनरला उभा राहिलोय. आठ आठ दिवस पहाटे चारला उठून ड्रिल, उस्तादांच्या शिव्या, बूट असा की त्यात तोंड दिसावं. सलामी घेणारा केवढा का मोठा असेना, आम्हाला एवढं माहीत असायचं की तो ठरल्या मिनिटाला येणार आणि रांगेसमोरनं चालत जाताना आमच्या डोळ्यात बघणार. दिल्लीत २६ जानेवारीला बघा की. तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च सेनापती म्हणजे राष्ट्रपती. परेडच्या आधी पंतप्रधान राष्ट्रीय युद्ध स्मारकावर जाऊन शहीदांना पुष्पचक्र वाहतात, म्हणजे पहिला मान जे गेले त्यांचा. मग राष्ट्रपती येतात, झेंडा फडकतो, आणि राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदात २१ तोफांची सलामी बसवतात. २०२३ पासनं तर या तोफा आपल्या देशी १०५ मिलिमीटरच्या. तोफखान्याची ती पोरं सेकंदाचा हिशोब ठेवतात आणि आपल्याकडं पावणेदोन तास इकडं तिकडं झाले तर कुणाला काही वाटत नाही.

२०१८ च्या परेडला कॉर्पोरल ज्योती प्रकाश निराला यांचं मरणोत्तर अशोक चक्र घ्यायला त्यांची आई नि बायको आल्या होत्या. पदक देऊन जागेवर बसल्यावर राष्ट्रपती कोविंद साहेबांनी रुमालानं डोळे पुसले, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. तिथं त्या आईच्या हातात पिशवी नव्हती दिली.

फुटबॉलचंच बोलायचं तर ड्युरँड कप घ्या. १८८८ ला सिमल्यात चालू झालेली स्पर्धा, आजही सेनादलंच भरवतात. जिंकणाऱ्या टीमला एक नाही तीन ट्रॉफ्या मिळतात, त्यातला राष्ट्रपती चषक राजेंद्र प्रसादांनी १९५६ ला दिलेला. २०२४ ला राष्ट्रपती मुर्मू मॅडमनी या ट्रॉफ्या राष्ट्रपती भवनातनं रवाना केल्या. फौज, राष्ट्रपती आणि फुटबॉल असं सगळं एका जागी आलेली स्पर्धा आहे ही. पण तिथंही चूक झालीच, २०२२ ची फायनल कोलकत्याला बेंगळुरूनं जिंकली आणि कप घेताना फोटोत यावं म्हणून राज्यपालांनी कॅप्टन सुनील छेत्रीला हातानं बाजूला सारलं. देशभर लोक चिडले, आपल्या पेठांतली पोरं पण चिडली होती, स्टेटसला तोच व्हिडिओ. मग तेच आपल्या ग्राउंडवर आपल्या गोलकीपरशी होतं तेव्हा गप का बसतो आपण? गेल्या सीझनच्या त्या तालुक्याच्या फायनलला टायब्रेकरमध्ये दोन पेनल्टी अडवलेला पोरगा फोटोत कडेला, अर्धा कापलेला आहे.

हे कोल्हापूर आहे. शाहू महाराज १९०२ ला युरोपात गेले, रोमचा जुना आखाडा बघून आले आणि खासबाग मैदान असं बांधून घेतलं की पार शेवटच्या माणसालाही हौदातली कुस्ती दिसावी. राजा असून मैदानात मधोमध पैलवान ठेवला, स्वतः बसून बघितलं. पैलवान खाशाबा जाधव इथंच राजाराम कॉलेजात शिकले आणि १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकचं ब्राँझ घेऊन आले. आपला कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसळे, शेजारच्या सांगली जिल्ह्यातले १९६५ च्या लढाईत गोळ्या खाल्लेले आणि १९७२ ला पॅरालिम्पिकचं गोल्ड घेतलेले मुरलीकांत पेटकर, दोघांनाही जानेवारी २०२५ ला राष्ट्रपतींच्या हातनं अर्जुन पुरस्कार मिळाला.

आमच्या भागातल्या मंडळाशी मी बोललोय, यंदा त्यांनी कबूल केलंय. किकऑफ चारला म्हणजे चारला, पाहुणे येवोत न येवोत, उशीर झाला तर हाफटाइमला ग्राउंडवर येऊन दोन्ही टीमशी हात मिळवतील. माजी सैनिक नि वीरमाता पहिल्या रांगेत, सत्कार मॅचच्या आधी पाच मिनिटात, आणि शाल अंगावर घालून. कप कॅप्टनच्या हातात.

आणि एक विनंती तुम्हाला पण आहे संपादक साहेब. स्पर्धेचा फोटो छापताना खाली स्टेजवरच्या दहा दहा जणांची नावं असतात आणि गोल कुणी मारला ते बातमीत शोधावं लागतं. यंदा आधी स्कोअररचं आणि गोलकीपरचं नाव छापा, बाकीची जागा उरली तर.

आपला,
एक माजी हवालदार,
टेंबलाईवाडी, कोल्हापूर