घराच्या आतले पाडकाम आणि मजुरांची सुरक्षा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात शिवाजी पेठेत आमच्या शेजारच्या जुन्या घरातील कडीपाटाचा (लाकडी कड्यांवर फळ्या आणि त्यांवर माती असलेला) माळा उतरवला जात असताना, ज्या फळ्या पहारीने उचकटायच्या त्यांतल्याच उरलेल्या दोन फळ्यांवर उभा असलेला एक तरुण मजूर खालच्या शहाबादी फरशीवर पडला आणि त्याचे मनगट व खुब्याचे हाड मोडले. उंची जेमतेम दहा फूट होती. ‘एवढ्याशा उंचीला सुरक्षा पट्टा कशाला,’ असे मुकादम नंतरही म्हणत होता. पण दहा फुटांवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदात, ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो.

इमारत बाहेरून पाडायची तर पत्रे उभारले जातात, येणारेजाणारेही चार शब्द सुनावतात. आतले काम दार लोटून चालते, त्यामुळे ते पाडकाम आहे असे घरमालकालाही वाटत नाही. जिन्यासाठी फोडलेल्या भोकावर प्लायचा सुटा तुकडा टाकला जातो. कोणीतरी तो अडगळ समजून दोन्ही हातांनी समोर धरून उचलतो, आणि त्याच प्लायआड पुढचे भोक न दिसल्याने पाय थेट त्यात जातो. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजलेल्या घरांत भिंतीत गेलेली तुळईची टोके आतून कुजलेली असू शकतात, आणि गिलावा काढल्याखेरीज ती दिसत नाहीत.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पाडकामालाही बांधकामाच्या व्याख्येत घेतले खरे, परंतु तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. आपल्याकडे अशा कामावर चार-पाच जणांचीच टोळी येते.

महापालिकेने दुरुस्तीच्या परवानगीच्या अर्जातच पाडकाम कोण करणार, माळ्यावरची माती आधी उतरवणार का, मजूर उभे कशावर राहणार आणि भोकांवर खिळ्यांनी ठोकलेले, ठळक खूण केलेले झाकण बसवणार का, हे लिहून घ्यावे व काम सुरू होण्यापूर्वी कनिष्ठ अभियंत्याने एकदा आत जाऊन पाहावे. आमच्या शेजारी अपघातानंतर उभे राहण्याच्या फळ्या टेकवायला दोन घोड्या आणि चार जाड फळ्या आणल्या गेल्या. दुकानात त्या भाड्याने मिळत होत्या.

— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर